न्यू मेक्सिको: पाटाच्या पाण्यावर उभं राहिलेलं राज्य

नदीकाठची

न्यू मेक्सिकोबद्दल मराठीत जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक अणुबॉम्बपाशी सुरू होतं आणि रॉजवेलच्या उडत्या तबकड्यांपाशी संपतं. मी अल्बुकर्कीत राहते आणि मला या राज्याचा लळा लागला तो या दोन्हींमुळे नाही, इथल्या पाण्यामुळे. पाणी मुबलक आहे म्हणून नव्हे. ते जवळजवळ नाहीच, आणि जे आहे ते इथल्या लोकांनी चारशे वर्षं कसं वाटून घेतलं, म्हणून. कोणी इथे राहत असेल किंवा फिरून गेलं असेल तर भर घाला.

आधी नकाशा डोळ्यांपुढे आणू. क्षेत्रफळ सुमारे ३ लाख १५ हजार चौरस किलोमीटर, महाराष्ट्राहून किंचित जास्तच. लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत २१ लाख १७ हजार. एकट्या पुणे शहरात याहून जास्त माणसं राहतात. उत्तरेकडून रॉकी पर्वताची सांग्रे दे क्रिस्तो रांग खाली उतरते, तिच्यात १३,१६१ फुटांचं व्हीलर शिखर. पूर्वेला टेक्सासकडे सपाट गवताळ माळ. वायव्येला लाल खडकांचं पठार, दक्षिणेला चिवावाचं वाळवंट आणि त्यात जिप्समच्या पांढऱ्याशुभ्र टेकड्या. या सगळ्याच्या मधोमध उत्तरेकडून दक्षिणेकडे रिओ ग्रांदे वाहते. ही नदी स्वतः कोरलेल्या दरीतून वाहत नाही. भूकवच ताणलं जाऊन मधला भाग खचला आणि त्या खचदरीत नदीला वाट मिळाली. इथली वस्तीही त्याच पट्ट्याला चिकटून आहे.

अल्बुकर्कीत वर्षाला पाऊस पडतो जेमतेम २२-२३ सेंटिमीटर. आपल्या माण-खटावलासुद्धा याच्या दुप्पट पडत असेल. त्यातला बराचसा जुलै ते सप्टेंबरमध्ये, आणि इथले लोक त्याला मॉन्सूनच म्हणतात. दुपारी सांडिया डोंगरावर ढग जमतात, ढगातून सुटलेल्या पावसाच्या सरी लांबून स्पष्ट दिसतात आणि जमिनीवर पोचायच्या आत हवेतच आटून जातात. खरा पाऊस उतरला तर वर्षभर कोरडा असलेला ओढा अर्ध्या तासात दुथडी भरतो. पण शेती या पावसावर होत नाही. ती होते डोंगरातल्या बर्फावर, आणि ते वितळलेलं पाणी शेतापर्यंत आणतात ते पाट. त्यांना इथे आसेकिया म्हणतात.

आसेकिया म्हणजे नदीवर लहानसा बंधारा घालून उताराने काढलेला, बहुतेक ठिकाणी मातीचाच पाट. ही रीत स्पॅनिश लोकांनी आणली, त्यांच्याकडे ती अरबांकडून आली होती. पण इथले मूळ रहिवासी, गावं करून राहणारे प्वेब्लो लोक त्याआधी कितीतरी शतकं मका, घेवडा आणि भोपळा पिकवत होते, पाणी अडवत आणि वळवत होते. दोन्ही ज्ञानं एकमेकांत मिसळली. आज राज्यात सुमारे ७०० आसेकिया चालू आहेत. प्रत्येकीचे हक्कदार शेतकरी, त्यांनी निवडलेले तीन पंच आणि एक मायोरदोमो, म्हणजे पाटावरचा कारभारी. कोणाचं दार कधी उघडायचं, किती वेळ, हे तो ठरवतो. कायद्याने आसेकियेला स्थानिक स्वराज्य संस्थेसारखा दर्जा आहे.

मार्चमध्ये पाटाची साफसफाई असते. चिमायोजवळच्या एका गावात माझ्या सहकारी मैत्रिणीच्या घरचं शेत आहे, तिथे मी फावडं घेऊन जाते. मायोरदोमो काठीने मोजून प्रत्येकाला टप्पा आखून देतो. आपल्या टप्प्यातला गाळ, विलोची मुळं, कॉटनवूडची कुजलेली पानं उपसून काठावर टाकायची, तो येऊन बघतो, मग सगळी रांग पुढे सरकते. ज्याचा हक्क मोठा त्याने जास्त माणसं पाठवायची. शहरात गेलेली मुलं त्या दिवसासाठी गाडी चालवत गावी येतात, येता आलं नाही तर बदली माणसाची मजुरी भरतात. काम संपलं की वरचं दार उघडतात. पहिलं पाणी स्वच्छ नसतंच. पुढे वाळक्या काटक्यांची, फेसाची आणि पालापाचोळ्याची एक जाड गुंडाळी सरकत येते, तिच्यामागे तपकिरी पाणी. पोरं तिच्या बरोबरीने काठाकाठाने पळतात. मे महिन्यात १५ तारखेला शेतकऱ्यांच्या संताची, सान इसिद्रोची, मूर्ती शेतांतून आणि पाटांवरून मिरवतात.

हे सगळं आता फार नाजूक झालंय. २०२२ च्या जुलैत अल्बुकर्की शहरात रिओ ग्रांदे कोरडी पडली, सुमारे चाळीस वर्षांत पहिल्यांदा. त्याच वर्षी उत्तरेला वन खात्याने मुद्दाम लावलेल्या नियंत्रित आगी हाताबाहेर गेल्या आणि ३ लाख ४१ हजार एकर जळाले. मोरा खोऱ्यातल्या कित्येक आसेकिया राखेने आणि नंतरच्या पुरांनी बुजल्या. पिढ्यान् पिढ्या हाताने राखलेले पाट होते ते.

सुरुची_पुणे

फार सुंदर लिहिलंय. पाण्याची ती गुंडाळी डोळ्यांसमोर आली. अजून येऊ द्या.

खानदेशी

ताई, मी धुळ्याकडचा. वाचताना पांझरा आठवत होती. आमच्याकडे फड पद्धत अशीच, तीन-चारशे वर्षं जुनी. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, खालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडलेले. एका फडात एका हंगामात एकच पीक. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी, त्यामुळे पाणी कमी पडलं तर एखादा फड सगळ्यांनीच पडीक ठेवायचा, नुकसान सगळ्यांचं सारखं. आणि पाणी धरायचं ते पाटकऱ्याने. शेतकऱ्याने स्वतः हात लावायचा नाही. त्यामुळे रात्री-अपरात्री बारी फोडायची भांडणं कमी. माझे आजोबा सांगायचे की पाटकऱ्याला पैसे नाही, धान्य मिळायचं. आता उपसा आणि विहिरी झाल्या, बरेच फड मोडले.

म्हणून एक नेमका प्रश्न. तुमच्याकडे दुष्काळात कोणाचं पाणी तुटतं? वरच्याचं, खालच्याचं, की सगळ्यांचं थोडं थोडं?

नदीकाठची

खानदेशीदादा, मुद्द्यालाच हात घातलात.

आसेकियेची रीत तुमच्या फडासारखीच आहे: टंचाई सगळ्यांनी वाटून घ्यायची. मायोरदोमो प्रत्येकाचे तास कमी करतो, आधी प्यायला, मग जनावरांना, मग भाजीपाल्याला, चारापिकांना शेवटी. दोन शेजारच्या आसेकियासुद्धा दिवस वाटून घेतात. पण राज्याचा कायदा वेगळं सांगतो. १९०७ च्या जलसंहितेचं तत्त्व असं की ज्याने पाणी आधी वापरलं त्याचा हक्क आधी. टंचाईत जुन्या हक्काला पूर्ण मिळेल, नव्याला शून्य. शिवाय हक्क जमिनीपासून सोडवून विकता येतो. म्हणजे शहर किंवा बिल्डर एखाद्या शेतकऱ्याचा हक्क विकत घेऊन पाणी दुसरीकडे नेऊ शकतो. पाटावरचे पाच जण विकून गेले की उरलेल्या दहांनी तेवढाच लांब पाट उपसायचा कसा? यासाठी आसेकियांच्या लोकांनी लढून २००३ मध्ये कायदा करून घेतला. त्यामुळे हक्क बाहेर न्यायचा असेल तर आसेकिया स्वतःच्या नियमांत तशी तरतूद करून परवानगी नाकारू शकते. मला हा या राज्यातला अलीकडचा सगळ्यात मोलाचा कायदा वाटतो.

आणि सगळ्यांत जुना हक्क कोणाचा? अर्थातच प्वेब्लोंचा. सांता फेच्या उत्तरेच्या चार प्वेब्लो गावांच्या पाण्याचा खटला १९६६ मध्ये दाखल झाला. तडजोडीचा कायदा झाला २०१० मध्ये. वकील बदलले, न्यायाधीश बदलले, मूळ पक्षकार गेले, तोवर खटला चालूच होता. वरच्या पातळीवर कोलोरॅडो, न्यू मेक्सिको आणि टेक्सास यांच्यात १९३८ चा करार आहे, त्यावरून टेक्सासने २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालय गाठलं.

मोडीवाचक

पाण्यावरून इतिहासातली एक गोष्ट सांगतो, कारण ती या धाग्यातच शोभेल.

१५९८ मध्ये स्पॅनिश वसाहत सुरू झाली, १६१० च्या सुमारास सांता फे राजधानी झाली. पुढची सत्तर वर्षं प्वेब्लो लोकांकडून मका आणि कापड वसूल करणं, वेठीला धरणं, त्यांचे मुखवटे आणि पूजेच्या वस्तू जाळणं चालू होतं. १६७५ मध्ये चेटूक केल्याच्या आरोपावरून ४७ धर्मपुरुषांना पकडलं. काहींना फाशी दिली, बाकीच्यांना फटके मारले. फटके खाल्लेल्यांत पोपे नावाचा ओहके ओविंगे गावचा माणूस होता. त्याने ताओसला राहून पाच वर्षं सगळी गावं जोडली. या गावांच्या भाषा वेगवेगळ्या, काही तर एकमेकींशी नातंच नसलेल्या, आणि अंतरं शेकडो मैलांची. तरी निरोप गेला. धावणाऱ्या पोरांकडे गाठी मारलेल्या दोऱ्या दिल्या, रोज एक गाठ सोडायची, शेवटची सुटेल त्या दिवशी उठायचं. दोन धावपटू पकडले गेले म्हणून उठाव एक दिवस आधी, १० ऑगस्ट १६८० ला झाला. आपल्याकडे त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये शिवाजी महाराजांचं निधन झालं होतं, म्हणजे काळ तोच.

सुमारे चारशे स्पॅनिश मारले गेले, त्यांत २१ धर्मोपदेशक. उरलेले सांता फेच्या राजवाड्यात कोंडले गेले. तेव्हा प्वेब्लोंनी काय केलं? वाड्यात जाणारा पाट तोडला. जनावरं तहानेने मरायला लागली. २१ ऑगस्टला गव्हर्नर हजार-एक माणसं घेऊन दक्षिणेकडे निघाला आणि प्वेब्लोंनी त्यांना जाऊ दिलं. पुढची बारा वर्षं हा सगळा मुलूख मोकळा होता. १६९२ मध्ये स्पॅनिश परत आले, पण पूर्वीची वेठ त्यांना तशीच चालवता आली नाही. आज १९ प्वेब्लो आपापल्या जागी आहेत, आपापल्या भाषा बोलतात, आपापले नाच करतात. माझ्या मते याचं श्रेय त्या बारा वर्षांना आहे. वॉशिंग्टनच्या संसदभवनात २००५ पासून पोपेचा संगमरवरी पुतळा आहे, हातात गाठींची दोरी आणि पाठीवर फटक्यांचे वळ कोरलेले.

भटका_जोशी

मोडीवाचक, जबरदस्त. मी आकोमाला जाऊन आलोय. ३६७ फूट उंच कातळावरचं गाव, आठ-नऊशे वर्षं वसलेलं. वर झरा नाही, विहीर नाही. खडकातल्या नैसर्गिक खोलगट टाक्यांत पावसाचं पाणी साठतं, त्यावर गाव जगलं. तिथल्या गाइडबाईंनी १५९९ चा हल्ला असा सांगितला की जणू त्यांच्या आजीच्या वेळचा. ही स्पॅनिश वसाहत सुरू करणाऱ्या ओन्यातेच्या माणसांनी शेकडो लोक मारले आणि पंचवीस वर्षांवरच्या पुरुषांचा एक पाय तोडायची शिक्षा फर्मावली.

या ओन्यातेचा घोड्यावरचा पुतळा आल्काल्दे गावात होता. वसाहतीला चारशे वर्षं झाली त्या सुमारास कोणीतरी रात्रीतून त्या पुतळ्याचा उजवा पाय कापून नेला. २०२० मध्ये पुतळाच हलवला. राग मला समजतो, पण पुतळे काढून इतिहास पुसला जाऊ नये असं वाटतं. तिथल्या स्पॅनिश वंशाच्या कुटुंबांचीही ती चारशे वर्षांची मुळं आहेत.

मांडवीकाठ

जोशी, मी गोव्याची, म्हणून लिहिते. गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज आफोंसो द आल्बुकेर्कचा पुतळा आमच्याकडे पणजीत चौकात होता, तो आता जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. त्याने इतिहास पुसला गेला नाही. उलट आता तो बघायला जाणारा माणूस थांबून पाटी वाचतो. चौकातला पुतळा मान देण्यासाठी असतो, माहिती देण्यासाठी नव्हे. ज्यांच्या पूर्वजांचे पाय तोडले त्यांनी रोज त्या मानासमोरून का जावं?

आणि अल्बुकर्की शहराचं नाव आमच्या या आल्बुकेर्कवरून आहे का, असं मला नेहमी विचारतात. नाही. १७०६ मध्ये शहर वसवलं तेव्हा मेक्सिकोत जो व्हाइसरॉय होता, तो आल्बुर्केर्केचा ड्यूक, त्याच्यावरून.

भटका_जोशी

संग्रहालयात ठेवायला माझी हरकत नाही, गोदामात कुलूपबंद ठेवायला आहे. पण मान आणि माहिती हा फरक पटला.

गॅलपची_डॉक्टर

धागा प्वेब्लो आणि स्पॅनिश यांच्यावर चाललाय, म्हणून इथल्या दुसऱ्या मूळ जमातीबद्दल, नावाहोंबद्दल लिहिते. मी राज्याच्या पश्चिम टोकाला दवाखान्यात काम करते, माझे बहुतेक पेशंट नावाहो.

१८६४ मध्ये अमेरिकन सैन्याने त्यांची शेतं, मेंढ्या आणि पीचच्या बागा नष्ट करून हजारो लोकांना तीनशेहून जास्त मैल चालवत पेकोस नदीकाठी बोस्के रेदोंदोला नेलं. तिथलं पाणी खारट. प्यायलेली माणसं आजारी पडली, पिकं जळाली, किडीने खाल्ली. चार वर्षांत शेकडो, कदाचित हजारो दगावले. १८६८ मध्ये करार झाला आणि त्यांना स्वतःच्या भूमीत परत जाता आलं. या देशात असं परत जायला मिळालेल्या जमाती फार थोड्या.

आणि आजचं. नावाहो घरांपैकी जवळपास तिसऱ्या हिश्श्यात नळ नाही. दवाखान्याच्या पार्किंगमध्ये बघा, पिकअपच्या मागे प्लास्टिकची मोठी टाकी बांधलेली असते. अपॉइंटमेंट संपवून माणूस पाणी भरायला जातो आणि खडबडीत कच्च्या रस्त्याने तासभर चालवत घरी नेतो. मधुमेहाच्या पेशंटला मी रोज पाय धुवा, भरपूर पाणी प्या असं सांगते तेव्हा तो आधी टाकीतलं पाणी कधीपर्यंत पुरेल याचा हिशोब करतो. त्यात १९७९ मध्ये चर्च रॉकला युरेनियम गिरणीचा बांध फुटून नऊ कोटी गॅलनहून जास्त किरणोत्सारी सांडपाणी प्वेर्को नदीत गेलं, जिच्यावर मेंढ्या पाणी प्यायच्या. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की १८६८ च्या करारानुसार नावाहोंसाठी पाणी मिळवून देण्याची सरकारवर सक्ती नाही. मला तो निकाल अन्यायाचाच वाटतो.

कणाद७

डॉक्टर, वाचून सुन्न झालो. चर्च रॉकची तारीख १६ जुलै. बरोबर ३४ वर्षं आधी त्याच तारखेला पहाटे साडेपाचच्या सुमारास ट्रिनिटीचा, म्हणजे जगातला पहिला अणुस्फोट झाला.

मी भौतिकशास्त्रवाला, अणुबॉम्ब जिथे घडवला त्या लॉस अलामोसबद्दल विद्यार्थीदशेपासून आकर्षण. पण इथे आल्यावर तुलारोसा खोऱ्यातल्या लोकांचं म्हणणं ऐकलं. जागा निर्मनुष्य होती असं पुस्तकांत वाचलं होतं. प्रत्यक्षात वीस मैलांच्या आत माणसं राहत होती आणि त्यांना ना आधी सांगितलं ना नंतर. कित्येक दिवस राख पडत राहिली. आणि तिथे पाणी कुठून यायचं? छपरावरचं पावसाचं पाणी हौदात साठवायचे. राख छपरावरून थेट हौदात. तेच पाणी प्यायले, त्यानेच भाजी शिंपली. १९९० च्या नुकसानभरपाई कायद्यात नेवाडाच्या चाचण्यांचे बाधित होते, पण पहिल्या स्फोटाचे हे लोक नव्हते. त्यांचा समावेश झाला २०२५ मध्ये, ऐंशी वर्षांनी. ज्यांच्यासाठी लढा सुरू झाला त्यांतले बहुतेक तोवर गेले होते.

ठेचेवाली

मीही पाण्याचंच सांगते, पण ताटातलं. 😊

ऑगस्टअखेर इथल्या दुकानांबाहेर लोखंडी जाळीची पिंपं लागतात. पोतंभर हिरव्या मिरच्या आत, खाली गॅसचा जाळ, हाताने पिंप फिरवायचं. सालं करपून उडतात आणि तो वास गाडीत, केसांत, आठवडाभर जात नाही. गरम मिरच्या पिशवीत भरून घरी आणायच्या, वाफेवर साल सुटतं, ते काढून वर्षभराच्या फ्रीजरमध्ये. हॉटेलात प्रत्येक ताटाला विचारतात, लाल की हिरवी? विधानसभेने १९९६ मध्ये हा राज्याचा अधिकृत प्रश्न ठरवला. दोन्ही हवी असतील तर ख्रिसमस म्हणायचं.

या मिरचीचा मूळ पुरुष फाबियान गार्सिया. मेक्सिकोतून लहानपणी आलेला पोरका मुलगा, लास क्रूसेसच्या कृषी महाविद्यालयात शिकला, तिथेच संशोधक झाला. बऱ्याच वर्षांच्या निवडीनंतर १९२१ मध्ये त्याने नऊ नंबरची जात दिली, एकसारखी, गुळगुळीत, सोलायला सोपी. आजच्या हॅच गावच्या मिरच्या तिच्याच वंशातल्या. आपल्या ईशान्येकडची भूत जोलोकिया तेव्हा जगात सगळ्यात तिखट, हे २००७ च्या विक्रमासाठी मोजलं तेसुद्धा याच लास क्रूसेसच्या विद्यापीठात.

माझ्या घरी हिरवी भाजकी मिरची पिठल्यात जाते. ठेचा मात्र तिचा करू नका, गर फार, तिखटपणा कमी, पाणी सुटतं.

फिरस्ती_ठाणे

सगळ्यांचे आभार, आमची सहल ठरली! सप्टेंबरअखेर आई-बाबांना घेऊन येतोय, दोघंही सत्तरीचे. सांता फे, ताओस, चाको आणि व्हाइट सँड्स बसवता येईल का? बाबांना थोडा रक्तदाब आहे.

गॅलपची_डॉक्टर

सांता फे ७,००० फुटांवर आहे, अमेरिकेतली सगळ्यात उंचावरची राज्य राजधानी. पहिले दोन दिवस अल्बुकर्कीत काढा, ते ५,३०० फुटांच्या आसपास. पाणी जास्त प्या, पहिल्या दिवशी चढ नको. बाबांच्या गोळ्यांबद्दल निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला.

नदीकाठची

फिरस्ती, चारही नका बसवू. व्हाइट सँड्स पार दक्षिणेला, बाकीचं उत्तरेला. चाकोचा शेवटचा रस्ता कच्चा आहे, पाऊस झाला तर गाडी रुतते आणि आत खायला काही मिळत नाही. पण आई-बाबांना हादरे सोसवत असतील तर चाको सोडू नका. हजार वर्षांपूर्वीची सहाशेहून जास्त खोल्यांची दगडी इमारत आहे, तुळया पन्नासेक मैलांवरच्या डोंगरांतून माणसांनी वाहून आणलेल्या.

३० सप्टेंबरला ताओस प्वेब्लोत सान हेरोनिमोचा उत्सव असतो. जमलं तर तारीख तशी धरा. त्या दिवशी फोटो अजिबात नाही. फोन, कॅमेरा गाडीतच ठेवा, नाच चालू असताना टाळ्या वाजवू नका आणि त्याचा अर्थ कोणाला विचारू नका, ती त्यांची पूजा आहे. गावातून वाहणारा ओढा दिसेल, लोक तेच पाणी पितात, त्यात पाय बुडवू नका. तो डोंगरातल्या ब्लू लेकमधून येतो. ते तळं सरकारने १९०६ मध्ये सरकारी जंगलात सामील करून घेतलं होतं, ताओसच्या लोकांनी ६४ वर्षं भांडून १९७० मध्ये परत मिळवलं.

ताओस शहरात नीम करोली बाबांच्या आश्रमात हनुमानाचं मंदिर आहे, संगमरवरी उडता हनुमान, तुमच्या आईला आवडेल. अल्बुकर्कीत राहणार असाल तर मला व्यक्तिगत निरोप करा. भाजक्या मिरच्यांची एक पिशवी तुमच्यासाठी फ्रीजरमध्ये ठेवते.

खानदेशीदादा, तुमच्या फडाचे नियम आसेकियेच्या मायोरदोमोला वाचून दाखवायचे आहेत. एखादा फड पडीक ठेवायचा हे कोण ठरवतं आणि कधी, ते सविस्तर लिहाल का?

खानदेशी

लिहितो ताई. गावात एक जुने पाटकरी अजून आहेत, त्यांनाच विचारून लिहितो.